रात्रपाळी सुटली, रात्र सुटेना

माझी रात्रपाळी सुटली तेव्हा घरच्यांना वाटलं, चला, ही आता माणसांत आली. सासूबाईंनी शेंगापोळ्या केल्या. आयसीयूमधून माझी बदली ओपीडीला झाली होती. सकाळी नऊ ते पाच, रविवारी सुट्टी. अशी ड्यूटी मिळावी म्हणून सिस्टर मंडळी काय काय खटपटी करतात ते आमचं आम्हालाच माहीत. मला ती न मागता मिळाली, आणि मी रात्री अकराला अंथरुणावर पडून तीन वाजेपर्यंत पंखा बघू लागले.

त्याआधीची बरीच वर्षं माझी जास्त करून नाइटच असायची. रात्री आठ ते सकाळी आठ. काही काळ तर मी मागून घेतल्या, कारण मुलगा लहान होता, दिवसा घरात कुणीतरी हवं होतं, आणि नाइटचा भत्ता वेगळा मिळायचा. सकाळी घरी येऊन डबे, धुणं उरकायचं, अकराच्या सुमारास पडायचं, चारला उठायचं. सुट्टीच्या दिवशी सगळ्यांसारखं रात्री झोपायचा प्रयत्न करायचा, तो कधी जमायचा, कधी नाही. आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागात. शेजारी यंत्रमागाचा कारखाना, त्याची खटखट दिवसरात्र चालू. माहेरचं कुणी मुक्कामाला आलं की त्यांना झोप लागत नाही. आम्हाला उलट लूम थांबले की जाग येते. तेव्हा आवाजाला दोष देण्यात अर्थ नव्हता.

ओपीडीला लागल्यावर साडेतीन-चार तासांच्या झोपेवर काही आठवडे काढले. सकाळी सातला गजर वाजला की शरीर शिशाचं झालेलं असायचं. दुपारी इंजेक्शन भरताना व्हायलवरचं लेबल दोनदा वाचायची, तिसऱ्यांदा दुसऱ्या सिस्टरला दाखवायची. आणि संध्याकाळी सात वाजले की एकदम हुशारी! रात्री दहाला मी कपाटं आवरायला काढायची. नवरा म्हणायचा, ‘तुझी नाइट अजून चालूच आहे.’

झोपेच्या गोळ्या मी हजारो पेशंटना दिल्यात. दिल्यावर वीस मिनिटांत माणूस कसा झोपी जातो आणि म्हाताऱ्या पेशंटला मध्यरात्री बाथरूमला जाताना कसा तोल जातो, दोन्ही पाहिलंय. म्हणून ती वाट मला नको होती. आमच्याकडे येणाऱ्या मेंदूविकारतज्ज्ञ सरांना एकदा राउंडनंतर गाठलं आणि विचारलं, ‘सर, मेलाटोनिन घेऊ का?’ हल्ली झोपेसाठी ज्याला त्याला हेच नाव माहीत असतं. सर म्हणाले, ‘आधी वही आणा.’

वही म्हणजे झोपेची वही. किती वाजता पडलात, अंदाजे किती वाजता झोप लागली, मध्ये कितीदा उठलात, सकाळी कधी जाग आली, चहा कधी कधी झाला, दुपारी डोळा लागला का. निदान पंधरा दिवसांची नोंद हवी, आणि त्यातल्या सुट्टीच्या दिवशी गजर न लावता झोपायचं. घड्याळाकडे बघत पडायचं नाही, सकाळी उठल्यावर अंदाजानं लिहायचं. वॉर्डात चार्ट भरायची सवय असल्यानं हे मला सोपं गेलं.

सरांनी सगळी पानं सोडून रविवारची पानं काढली. तिथे लिहिलं होतं, झोप तीन-सव्वातीनला, जाग पावणेअकराला, मध्ये एकदाही उठले नाही. ते म्हणाले, ‘सिस्टर, ही निद्रानाशाची वही नाही. तुम्हाला झोप येते, चांगली सात-साडेसात तास येते. फक्त सोलापूरच्या वेळेनं येत नाही.’ घरी येऊन मी हे सांगितलं तर मुलानं मोबाइलवर बघितलं. आपल्याकडे पहाटेचे तीन वाजतात तेव्हा हिवाळ्यात पॅरिसमध्ये रात्रीचे साडेदहा झालेले असतात. तेव्हापासून घरात माझं नाव पॅरिसवाली.

आता मेलाटोनिनचं. नर्सिंगच्या पुस्तकात आम्ही एका ओळीत शिकलो होतो की पिनिअल ग्रंथीतून स्रवतं, झोपेचं हार्मोन. सरांनी ती ओळच खोडली. उंदीर हा रात्री जागणारा प्राणी. त्याच्याही रक्तात मेलाटोनिन रात्रीच चढतं, आणि तो तर त्या वेळी दाणे शोधत हिंडत असतो. झोपेचं हार्मोन असतं तर उंदीर दाणे शोधता शोधताच आडवा झाला असता. मेलाटोनिन शरीराला एवढंच कळवतं की बाहेर रात्र झाली. त्या निरोपावर काय करायचं ते ज्याच्या त्याच्या शरीरानं ठरवायचं. माणसाचं शरीर त्यावर झोपेची तयारी करतं. हातापायांच्या त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, आतली उष्णता बाहेर पडते, शरीराचं तापमान हळूहळू उतरतं, जागं ठेवणारी यंत्रणा थंडावते.

ही ग्रंथी मेंदूच्या मधोमध, तुरीच्या दाण्याएवढी. अन्नातल्या ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून सेरोटोनिन आणि सेरोटोनिनपासून मेलाटोनिन असा तिचा कारखाना चालतो. मात्र तिला स्वतःला रात्र-दिवस काही कळत नाही. ते कळतं मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमधल्या सुमारे वीस हजार चेतापेशींच्या पुंजक्याला. शरीराचं मुख्य घड्याळ ते. आणि त्या घड्याळाला बाहेरची वेळ कळते डोळ्यांतून. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा आहेत की त्यांचं मुख्य काम चित्र दाखवणं नाहीच, उजेड किती आहे ते मोजणं आहे. २००२ च्या सुमारास त्या नीट ओळखल्या गेल्या. त्यांच्यात मेलानोप्सिन नावाचं द्रव्य असतं आणि ते सगळ्यात जास्त चाळवतं ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळसर उजेडानं. दृष्टी गेलेल्या काही माणसांमध्येही या पेशी शाबूत असतात, त्यामुळे दिसत नसूनही त्यांच्या शरीराला दिवस उगवलेला कळतो.

घड्याळाकडून पिनिअलकडे जाणारा संदेश सरळ जात नाही. दोघंही मेंदूतच, तरी संदेश आधी पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत उतरतो, मानेजवळच्या एका चेतागुच्छात जातो आणि तिथून पुन्हा वर डोक्यात चढतो. हे ऐकल्यावर मला आयसीयूतले मानेचा मणका तुटलेले पेशंट आठवले. मानेत मज्जारज्जू पूर्ण तुटला तर हा रस्ताच तुटतो आणि रात्री मेलाटोनिन चढायचं थांबतं. रात्ररात्र छताकडे बघत पडलेल्या त्या पोरांना आम्ही समजवायचो, ‘विचार करू नका, डोळे मिटा.’ विचार तर त्यांना होतेच, पण आणखी एक गोष्ट तुटलेली होती आणि तिचं नाव आमच्या चार्टवर कुठे नव्हतं.

मेलाटोनिन पहिल्यांदा वेगळं काढलं ते १९५८ मध्ये, अमेरिकेतल्या येल विद्यापीठात, आरन लर्नर यांनी. ते त्वचारोगतज्ज्ञ. गुरांच्या हजारो पिनिअल ग्रंथी जमवून ते कातडीचा रंग बदलणारं द्रव्य शोधत होते. झोप त्यांच्या डोक्यात नव्हती. बेडकाची कातडी त्यानं फिकी पडते हे त्यांना दिसलं. माणसाच्या रक्तातलं रात्रीचं मेलाटोनिन उजेडानं दबतं हे सिद्ध व्हायला १९८० साल उजाडलं. आल्फ्रेड लेवी आणि सहकाऱ्यांनी रात्री लोकांना २,५०० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) प्रखर उजेडात बसवलं आणि मेलाटोनिन खाली आलं. नंतर कळलं की एवढा प्रखर उजेड लागतच नाही. २०११ च्या एका अभ्यासात झोपण्याआधी घरातल्या साध्या दिव्यांखाली, दोनशे लक्सपेक्षाही कमी उजेडात बसलेल्यांची मेलाटोनिनची रात्र मंद उजेडाच्या तुलनेत सुमारे दीड तासानं आखूड झाली.

आमच्या आयसीयूत रात्री तीनला काय असतं? सगळ्या ट्यूब चालू, मॉनिटर, पेशंटच्या डोळ्यांत टॉर्च. आणि सकाळी आठला बाहेर पडलं की सोलापूरचं ऊन. ते डोळ्यांवर घेत स्कूटीवरून घरी. मग खिडकीला पडदे लावून रात्र करायची. बरीच वर्षं माझ्या घड्याळाला मी हे दाखवत आले होते, त्यानं ते मनावर घेतलं होतं.

सरांनी प्रश्न केला, ‘सकाळी ओपीडीला येताना ऊन लागतं?’ म्हटलं, भरपूर. आठच्या उन्हात स्कूटीवरून येते, तेवढाच उत्साह येईल म्हणून गॉगलही लावत नाही. ते हसले. शरीराचं तापमान रोज एकदा सगळ्यात खाली जातं, साधारण नैसर्गिक जाग येण्याच्या दोन-तीन तास आधी. त्या क्षणानंतर डोळ्यांत गेलेला उजेड घड्याळाला लवकरकडे आणतो, आणि त्या क्षणाआधीचा उजेड त्याला आणखी उशिराकडे ढकलतो. माझी नैसर्गिक जाग पावणेअकराची. म्हणजे तो क्षण, माझी खरी पहाट, आठ-साडेआठला. मी घरातून निघत होते तेव्हा शरीराच्या हिशेबानं अजून रात्रच होती, आणि त्या रात्री मी उघड्या डोळ्यांनी उन्हातून गाडी चालवत होते. ‘सकाळचं कोवळं ऊन घ्या, झोप सुधारेल’ हा सल्ला सगळे देतात. तो बरोबर आहे, पण कुणाची सकाळ, हे कुणी विचारत नाही.

मग रजा काढली. शिल्लक होतीच. सरांनी आखून दिलं ते असं. गजर आधी दहाचा. उठलं की अर्धा-पाऊण तास उघड्यावर. दर दोन-तीन दिवसांनी गजर आणि उजेड दोन्ही अर्ध्या तासानं अलीकडे. रात्री नऊनंतर घरातला उजेड मंद. मेलाटोनिन रात्री दहाला, कमीत कमी मात्रेत. आणि झोप आल्याशिवाय पलंगावर जायचं नाही. गेलं आणि वीसेक मिनिटांत लागली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत बसायचं. माणसाचं आतलं घड्याळ सरासरी चोवीस तास दहा-अकरा मिनिटांचं असतं. ते मोकळं सोडलं तर रोज थोडं उशिराकडेच घसरतं. त्यामुळे उशिरा झोपायची सवय आपोआप लागते आणि लवकर झोपायची मुद्दाम लावावी लागते.

मार्च महिना. सोलापुरात मार्चात सकाळी दहाला गच्चीवर बसणं म्हणजे काय ते इथल्यांना सांगायला नको. सर म्हणाले, ‘सावलीत बसा. आकाश दिसलं पाहिजे, एवढं पुरे.’ मोबाइलवर लक्स मोजायचं ॲप घेतलं. त्याचे आकडे फार काटेकोर नसतात, पण अंदाज येतो. आमच्या हॉलमधली ट्यूब दीडशेच्या आसपास. गच्चीवर पत्र्याच्या सावलीत आकडा हजारांत. थेट उन्हाचा एक लाखाच्या घरात जातो. घरात आपल्याला लख्ख वाटतं ते डोळ्याच्या त्या पेशींना तिन्हीसांजेसारखं, हे आकडे बघितल्याशिवाय पटत नाही. शेजारच्या गच्चीवर पापड, कुरडया वाळत घालायला येणाऱ्या काकूंनी पहिल्याच दिवशी विचारलं, ‘व्हिटॅमिन डी कमी आलंय का गं?’ मी हो म्हटलं. तेवढ्यावर सुटले.

गोळीचंही ऐका. बाजारात तीन, पाच, दहा मिलिग्रॅम असं काय काय मिळतं. गोळ्या, तोंडात विरघळणाऱ्या पट्ट्या, गमी. सरांनी तीन मिलिग्रॅमची साधी गोळी लिहून दिली, तिचा पाव तुकडा. आमच्या हॉस्पिटलच्या मेडिकलवाल्यानं माझ्याकडे असं बघितलं, की सिस्टर पैसे वाचवताहेत. हळूहळू विरघळणारी, म्हणजे एसआर गोळी असेल तर ती मात्र तोडायची नाही, तिची रचनाच बिघडते. मात्रा वाढवली की परिणाम वाढतो असं या औषधात होत नाही. जास्त घेतलं तर रक्तात ते बराच वेळ नको तितकं राहतं, निरोपाची वेळच पुसट होते, आणि सकाळी डोकं जड.

पहिल्या रात्री दहाला पाव गोळी घेतली आणि वाट बघत बसले. काहीच झालं नाही. अकरा, बारा, एक. मी पेशंटना देते ती गोळी माणसाला पाडते. ही काही करत नव्हती. दुसऱ्या रात्रीही तेच. सरांना फोन केला तर म्हणाले, ‘ती तुम्हाला झोपवायला दिलेलीच नाही. तुमचं मेलाटोनिन एक वाजता चढायला लागतं. दहाला बाहेरून थोडं पाठवून आपण घड्याळाला सांगतोय की रात्र दहाला झाली. ते आज ऐकणार नाही, पण रोज सांगितलं की ऐकेल.’ रक्तात गेलेलं मेलाटोनिन जेमतेम पाऊण तासात निम्मं होतं. म्हणजे मी एकला झोपायला जाते तेव्हा दहाच्या तुकड्यातलं फारसं काही उरलेलंच नसायचं. गोळी निरोप देऊन निघून जायची.

आणि मग एका रात्री दीडलाच जांभई आली. वहीत मी त्या जांभईखाली रेघ मारली होती. पुढच्या आठवड्यात एकच्या आत, मग साडेबारा. सरळ रेषेत नाही. दोन पावलं इकडे, एक तिकडे. स्वप्नं मात्र फार पडायची, ठसठशीत, बहुतेक वॉर्डातली. मॉनिटर वाजतोय आणि कुणी उठत नाहीये. हा गोळीचा ओळखीचा परिणाम आहे. काहींना डोकं दुखतं, गरगरतं. मला तसं झालं नाही. गोळी घेतल्यावर गाडी चालवायची नाही, ही सूचना मी पाळली.

खरी कसोटी गोळीची नव्हती, घरातल्या दिव्यांची होती. नऊ वाजता मी ट्यूब बंद करून कोपऱ्यातला पिवळा बल्ब लावायची. सासूबाई आतून येऊन म्हणायच्या, ‘अंधारात काय करूलालीस गं? लाईट गेल्यावानी?’ त्यांची मालिका साडेनऊला. टीव्हीपुढून मलाच उठावं लागलं. दिवेलागणीला घरात लख्ख उजेड पाहिजे, ही त्यांची आयुष्यभराची शिस्त, आणि ती मोडणारी सून वयाच्या पंचेचाळिशीत निघाली. शेवटी तह असा झाला की दिवेलागणी ते नऊ त्यांचं राज्य, नऊनंतर माझं. फोन चार्जिंगला स्वयंपाकघरात. संध्याकाळी साडेपाचला होणारा चहाही गेला. चहातल्या कॅफिनचा निम्मा भाग पाच तासांनीही रक्तात असतो, आणि संध्याकाळचं कॅफिन मेलाटोनिनची वेळही उशिराकडे नेतं.

आणि पाणी! सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी, आणि पाळी रात्री अडीचची आली की सगळी गल्ली जागी. मोटारी चालू, बादल्यांचे आवाज, घराघरात ट्यूब. पहाटेआधीच्या त्या उजेडाचा धक्का नेमका उशिराकडे. पाणी तर भरलंच पाहिजे, झोपेचं शास्त्र सांगून टाकी भरत नाही. मग नवऱ्यानं मोरीत आणि टाकीजवळ लाल झिरोचा बल्ब लावला. लाल उजेडाचं त्या पेशींना फारसं काही वाटत नाही. शेजारी विचारायचे, ‘देवघर इकडे हलवलं का?’ आता गल्लीत आणखी दोन घरांत तसे बल्ब लागलेत, त्यांची कारणं वेगळी असतील.

एप्रिलच्या शेवटी मी ड्यूटीवर परतले तेव्हा साडेअकराच्या आसपास झोप लागत होती आणि सातला उठणं जमत होतं. तोपर्यंत माझी पहाट पाचच्या आसपास सरकलेली, म्हणजे आठचं ऊन आता माझ्या बाजूनं काम करणारं. तेच ऊन, तोच रस्ता. मे महिन्यात मात्र वेगळंच झालं. स्लॅब दिवसभर तापलेला, रात्री बारापर्यंत खोलीत भट्टी. शरीरातली उष्णता बाहेर पडायला जागाच नाही, मग मेलाटोनिननं कितीही सांगितलं तरी झोप कशी लागणार? गच्चीवर पाणी मारून अंथरुणं घातली, म्हणजे ज्या दिवशी मारायला पाणी होतं त्या दिवशी. गच्चीवर झोपायचा एक अनपेक्षित फायदा झाला. साडेपाचला फटफटतं, उजेड थेट तोंडावर, आणि घड्याळ आणखी थोडं अलीकडे आलं. समोरच्या खांबावरचा पांढरा एलईडी नको होता, त्याच्यासाठी डोळ्यांवर ओढणी, ती पहाटे आपोआप सरकायची.

गोळी सरांनी त्याच सुमारास बंद केली. मला धाकधूक होती, पण एक-दोन रात्री सोडल्या तर फरक जाणवला नाही. फरक जाणवतो तो रविवारी. रविवारी दोन तास जास्त लोळलं की रविवारची रात्र हातची जाते आणि सोमवार अंगावर येतो. जवळच्या लग्नात रात्री एकपर्यंत जागले, त्याची भरपाई आठवडाभर केली. उठायची वेळ सुट्टीच्या दिवशीही तीच ठेवायची, ही एक गोष्ट मला अजून जाचते.

माझं बरं झालेलं बघून वॉर्डातल्या निम्म्या पोरी गोळीचं नाव विचारायला आल्या. त्यांना मी आकडे सांगते. २०१३ मध्ये १९ अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा मेलाटोनिननं झोप सरासरी सात मिनिटं लवकर लागली आणि आठ मिनिटं जास्त मिळाली. सात मिनिटांसाठी रोज गोळी? अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१७ मध्ये जुन्या निद्रानाशासाठी मेलाटोनिन वापरू नये असंच सुचवलं. पण घड्याळ उशिरा सरकलेल्यांवर, म्हणजे माझ्यासारख्यांवर, २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियात प्रयोग झाला. अर्धा मिलिग्रॅम, ठरलेल्या झोपेच्या तासभर आधी, आणि झोपेची वेळ पाळणं. त्यात खोटी गोळी घेऊन तशीच वेळ पाळणाऱ्यांपेक्षा ३४ मिनिटं लवकर झोप लागली. तेच औषध, दुखणं वेगळं. शिवाय डब्यावर लिहिलेलं आत असेलच असं नाही. कॅनडात २०१७ मध्ये ३१ उत्पादनं तपासली तर काहींत लिहिल्यापेक्षा ८३ टक्के कमी, काहींत ४७८ टक्के जास्त मेलाटोनिन निघालं. रंगीत गमी लहान मुलांच्या हाती लागतील अशा ठेवू नका, हे तर मी ओपीडीतल्या प्रत्येक आईला सांगते.

सासूबाईंनीही वहीत डोकावायला सुरुवात केली. ‘मलाबी पहाटे तीनला जाग येती, दे की तुझी पाव गोळी.’ त्यांची बीपीची गोळी मेटोप्रोलॉल, बीटा-ब्लॉकर. पिनिअल ग्रंथीला रात्रीचा संदेश बीटा रिसेप्टरमधूनच, म्हणजे पेशीवरच्या संदेश घेणाऱ्या जागांमधूनच पोचतो, आणि या गोळ्या त्याच जागा अडवतात, त्यामुळे त्यांनी रात्रीचं मेलाटोनिन कमी होतं. वयानंही ते कमी होतंच. पण म्हणून बीपीची गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही, हे मी त्यांना तीनदा सांगितलं आणि त्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. दुपारची दोन तासांची झोप मात्र त्या सोडायला तयार नाहीत. जायफळ घातलेलं दूध त्यांचं चालू आहे. दुधात मेलाटोनिन असतं, पण नावाला. गरम दूध पिऊन त्या शांत पडतात हे मात्र खरं.

मुलाचं प्रकरण अवघड आहे. अकरावी, रात्री एकपर्यंत जागा, सकाळी सातला क्लास. मी त्याच्यावर ओरडायची, आता कमी ओरडते. वयात येताना घड्याळ उशिराकडे सरकतं, ही त्याची लबाडी नाही, अर्थात फोन त्यात भर घालतोच. राज्य शासनानं २०२४ मध्ये चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं सांगितलं. ज्या वयाची पोरं खरोखर सकाळी उठू शकत नाहीत ती अकरावीची, आणि त्यांचे क्लास सातला.

परवा आयसीयूतली एक सिस्टर आली. तिच्या नाइट अजून चालू आहेत, महिन्यातून दोन आठवडे. तिला मी माझं वेळापत्रक दिलं नाही. आलटून पालटून नाइट करणाऱ्यानं माझ्यासारखं घड्याळ लवकरकडे ओढलं तर पुढच्या नाइटला ती उभीच राहू शकणार नाही. तिच्यासाठी गोष्टी उलट्या: सकाळी घरी जाताना काळा गॉगल, खिडकीला जाड चादर, दिवसाची झोप घर बंद करून सलग, आणि जागरणाच्या रात्री पहिल्या अर्ध्यातच उजेड आणि चहा. रात्रपाळीच्या कामाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००७ मध्येच ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकलंय, हे तिला माहीत होतं. माझ्यापेक्षा तिनंच ते आधी वाचलेलं. तिला एवढंच हवं होतं की घरी गेल्यावर चार तास सलग झोप लागावी. मी तिला सरांची ओपीडीची वेळ सांगितली आणि एक कोरी वही दिली. गजर न लावता झोपायला मिळेल असा एकही दिवस तिला या महिन्यात नाही. रोस्टर लावणाऱ्या इनचार्ज सिस्टरकडे आधी जावं लागेल.